तुटलेलं ‘न्हाई’

(देवळाली प्रवरा इथल्या बिबट्या मदत केंद्राची खोली. भर दुपार. सुरेखा फोनच्या टेबलाशी. नगरहून आलेला इंजिनिअर अनीश भिंतीवरच्या नव्या यंत्रापुढे लॅपटॉप घेऊन.)

सुरेखा : ...हॅलो? हॅलो, मावशी! गेला. परत फोन गेला, सर. तिसऱ्यांदा.

अनीश : किती वेळ चालला?

सुरेखा : घड्याळ बघू का तिचं ऐकू? असंल वीस-पंचवीस सेकंद. सकाळी तुमी जुन्या मशीनच्या लाईनी ह्या नव्या डब्यात घातल्या, तवापासनं एक फोन धड झाला न्हाई.

अनीश : टेस्ट कॉल नीट लागला होता, ताई.

सुरेखा : टेस्टला तुमी ‘हॅलो, येतंय का ऐकू’ एवढंच बोलला. तिची नात हिरीवरच्या पान्याच्या मोटारीच्या खोलीत अडकलीय, दाराबाहेर बिबट्या बसलाय. वीस सेकंदात ती काय काय सांगंल?

अनीश : नाव, गाव काही कळलं?

सुरेखा : राहीबाई. ऊसतोडीवाली हाय, पाथर्डीकडची. मळा कुठला इचारलं की तुटतंय. बाहेर आपल्या पथकाचे बिभीषणभाऊ जीप चालू करून बसलेत, जाळी-पिंजरा घेऊन. पन जायाचं कुठं?

अनीश : फोनवर नंबर येत असेल ना त्यांचा?

सुरेखा : जुन्यावर यायचा. ह्याच्यावर कोरं दिसतंय.

अनीश : ते... ते मी संध्याकाळी करणार होतो.

सुरेखा : आला! हॅलो, मावशी, मळा कुनाचा—

राहीबाई : बाई, त्यो उठंना ओ! दाराला नाक लावून बसलाय. पत्रा खालून सडलाय दाराचा. आत माही ज्ञानेश्वरी हाय, सहा वर्साची. मान्सं फटाके घिऊन आलेत, वाजवायचे का?

सुरेखा : ऐका, समदी मान्सं लांब घ्या. फटाके वाजवायचे न्हाईत, त्यो बिथरंल आन्... हॅलो? मावशी?

अनीश : ताई, सापडलं. घड्याळ चुकलंय.

सुरेखा : कसलं घड्याळ?

अनीश : या एका तारेतून एका वेळी तीस जणांचं बोलणं जातं. त्यासाठी दोन्ही टोकं एकाच ठेक्यात चालावी लागतात, आणि ठेका धरायचा टेलिफोन कंपनीचा. आपलं यंत्र स्वतःच्याच घड्याळावर चाललंय. थोडं थोडं मागे पडतं, आणि पाऊल चुकलं की लाईन पडते.

सुरेखा : मग लावा की कंपनीचं.

अनीश : लावतो. पण दोन-तीन मिनिटं लाईन पूर्ण बंद राहील.

सुरेखा : आन् तेवढ्यात तिनं लावला तर? न्हाई. हात लावू नका त्याला. वीस तर वीस सेकंद.

अनीश : पण असंच ठेवलं तर प्रत्येक वेळी...

सुरेखा : थांबा, वाजला. बोला मावशी!

राहीबाई : तुमीच म्हनला न्हवं वाजवायचे! वाजवली एक माळ. त्यो पळाला न्हाई ओ, दारालाच भिडलाय. पंजा घातलाय खालून. लेकरू आतून वरडतंय...

सुरेखा : अवो मी न्हाई म्हनलं हुतं! वाजवायचे न्हाईत म्हनलं हुतं! हॅलो? हॅलो!

अनीश : काय झालं?

सुरेखा : तिला ‘वाजवायचे’ एवढंच ऐकू गेलं. ‘न्हाईत’ पोचलंच न्हाई.

अनीश : म्हणजे या यंत्रामुळे...

सुरेखा : सर, असं माझ्याकडं बघत बसू नका. कायतरी करा.

अनीश : नंबर! फोनवर दिसत नसला तरी लाईनवरून यंत्रात येतोच. नोंदीत सापडेल. थांबा... हा सकाळचा, हा नाही... हा. आत्ताचा. तुमचा मोबाईल काढा, मी आकडे सांगतो.

सुरेखा : सांगा. ...व्हय. ...व्हय. लागला! मावशी, मी केंद्रातली सुरेखा. आता तुटनार न्हाई. न्हाई, फटाके न्हाई, काठ्या न्हाई, आरडाओरडा न्हाई! उसाच्या अंगाला कुनी थांबू नका. त्याला जायला वाट मोकळी ठेवा. मळा कुनाचा हाय?

राहीबाई : कालच ऱ्हायाला कोप्या टाकल्यात, गावाचं नाव काय म्हाईत आमाला! मालकाला गोरक्षनाथ म्हनत्यात. कालव्याच्या कडंला.

सुरेखा : हिरीवर लाल टाकी हाय का?

राहीबाई : हाय, हाय!

सुरेखा : कळलं. सर, पळा! बिभीषणभाऊंना म्हना, कालव्यावरचा गोरक्षनाथांचा मळा, लाल टाकी. ...मावशी, खोलीत उंचावर काय हाय?

राहीबाई : खताच्या गोन्या हायत. भिताडाला थप्पी.

सुरेखा : तिला थप्पीवर चढाया सांगा. लांबूनच, पन नाव घिऊन, दमानं. तुमी रडला तर ती घाबरंल.

राहीबाई : ज्ञाने... अगं ज्ञाने... गोन्यांवर चढ माय. वर वर जा. मी हितंच हाय.

अनीश : जीप निघाली. दहा मिनिटं लागतील म्हणाले. आता घड्याळ लावायला लाईन पाडू?

सुरेखा : पाडा. मी हिला धरून बसते. ...चढली का हो?

राहीबाई : काय म्हाईत. आवाजच बंद झाला तिचा.

सुरेखा : आन् त्यो?

राहीबाई : पंजा काढलाय. बसलाय. ...बाई, किती येळ?

सुरेखा : मी हाय. बोलू नका, नुसतं बघत ऱ्हावा.

राहीबाई : उठला. ...इकडं बघतोय. ...चालला बाई. गेला! उसात शिरला. जाऊ का मी?

सुरेखा : अजून न्हाई. अजिबात न्हाई. जीप येऊ द्या.

राहीबाई : धुरळा दिसतोय. आली! भाऊ जाळी घिऊन म्होरं झाले. दार वाजवत्यात. ...कडी काढली तिनं. आली बाई, आली भाईर.

सुरेखा : लागलंय का कुठं?

राहीबाई : न्हाई. न्हाई वाटतं. ठेवते.

अनीश : लाईन आली, ताई. आता पाऊल चुकत नाही. सकाळी सेटिंगमधली घड्याळाची ती एक ओळ बघायचीच राहिली. यंत्र जसं आलं तसंच लावलं. चूक माझी आहे.

सुरेखा : रजिस्टरला फोन तुटल्याचं कारन लिवावं लागतं. काय लिवू?

अनीश : सेटिंग चुकली म्हणून लिहा. पुढे माझं नाव.

सुरेखा : लिवते. तुमाला निघायचं असंल.

अनीश : नाही. कॉल सलग चालतो का ते बघितल्याशिवाय कसा निघू? या लाईनवरून कुणाशी तरी वीस मिनिटं बोला.

सुरेखा : तिलाच लावते. ...मावशी, सुरेखाच बोलतेय. कशी हाय पोर?

राहीबाई : मांडीवर हाय. कुनाशी बोलतच न्हाई. देऊ का तिच्याकडं?

सुरेखा : द्या. ...ज्ञानेश्वरी? मी सुरेखामावशी. पानी पिलीस का गं?

अनीश : काय म्हणते?

सुरेखा : काय न्हाई. नुसता श्वास येतोय ऐकू.

अनीश : चार मिनिटं झाली. चांगला चाललाय. हवं तर ठेवा, ताई, दुसऱ्या कुणाला लावू.

सुरेखा : ऱ्हाऊ द्या. ऐकते मी.