चिमणीनं नाव सांगितलं

अगं, विजय नगरच्या आमच्या सोसायटीच्या ऑनलाइन ग्रुपवर मी 'चिमणी' नावानं लिहायचे. एकदा विचारलं, "पाण्याची टाकी वर्षभर का धुतली नाही?"

सेक्रेटरी भडकले, "हिम्मत है तो असली नाम से बोलो!"

आमचे हे म्हणाले, "राहू दे ना. आपण भाडेकरू, उद्या घर खाली करायला सांगतील."

तरी मी लिहिलंच. "मी वंदना पुराणिक, फ्लॅट तीनशे चार. आता सांगा."

मग ग्रुपवर 'मालवा का शेर' या टोपणनावानं लिहिणाऱ्यानं खरं नाव टाकलं, तर त्या निघाल्या खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकू! पाठोपाठ आणखी अकरा जणांनी आपापली नावं लिहिली.

दुसऱ्याच सकाळी टाकी धुतली गेली, आणि शिडी धरून उभे कोण? खुद्द सेक्रेटरी!