डॉनसाठी धरलेली जागा

(पिट्सबर्ग. शहराच्या मध्यभागाला लागून असलेली जुनी चढाची वस्ती. जानेवारीतली रविवारची दुपार. वर्ना दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत, कानाला फोन. तिच्यामागे पलंगावर तिचा नवरा लेनी. खाली गल्लीत लेनीचा जुना मित्र डॉन आणि त्याची बायको मार्लीन, उपनगरातून आलेले, गाडीत. फोनवरचं बोलणं दोघांनाही ऐकू येतंय.)

वर्ना : जागा नाही कशी म्हणतोस? दोनदा गेलास की तिच्यावरून!

डॉन : कुठाय जागा? बर्फाचे ढीग आणि गाड्या. सगळी गल्ली भरलीय.

वर्ना : निळ्या ट्रकच्या पुढे जागा धरायला ठेवलेली खुर्ची दिसली का?

डॉन : दिसली.

वर्ना : मग ती तुझीच जागा. खुर्ची उचल, गाडी लाव आणि वर ये.

डॉन : आणि कुणा भलत्याची खुर्ची निघाली तर? दुसऱ्याच्या खुर्चीला हात लावला की इथे काय होतं ते मला सांगू नकोस. चारही टायर बसतील खाली.

वर्ना : भलत्याची कशी असेल? मीच सांगतेय ना, आमची आहे म्हणून!

मार्लीन : वर्ना, अगं रागावू नकोस गं. आज मॅच आहे ना, रस्ते बघितलेस का? बोगद्यातच अर्धा जीव गेला आमचा. मी याला म्हटलं होतं, उद्या जाऊ. उद्या सोमवार, गर्दी नसेल.

वर्ना : उद्या?

मार्लीन : म्हणजे, मला तसं म्हणायचं नव्हतं.

वर्ना : नर्स सकाळी येऊन गेली, मार्लीन. जाताना म्हणाली, ज्यांना बोलवायचं असेल त्यांना आजच बोलवा. म्हणून तर सकाळी फोन केला तुम्हाला. उद्याचं कुणी बघितलंय?

मार्लीन : हो गं बाई, हो. म्हणून तर तशाच निघालो. मी पिरोगी पण आणलेत, चर्चमधल्या बायकांकडचे. कोबीचं सारण भरलेले. त्याला आवडतात ते.

वर्ना : त्याला आता पाणीसुद्धा कापसाने लावते मी.

मार्लीन : अरे देवा.

वर्ना : तू खाशील, मी खाईन. आण वर. आणि हे गाडीत कसले खटखट आवाज येतायत? कुलपं लावलीस ना दारांना?

मार्लीन : सवय गं नुसती.

वर्ना : सवय कसली! भरदिवसा, माझ्या दारात!

मार्लीन : आता तू काही म्हण. गेल्याच आठवड्यात टीव्हीवर दाखवलं, तुमच्याकडे बसस्टॉपवर गोळी चालली म्हणून. माझी बहीण म्हणाली, मार्लीन, जाणारच असशील तर अंगठ्या घरी काढून ठेव. आणि त्या पायरीवर कोण बसलंय? मघापासून आमच्या गाडीकडेच बघतंय.

वर्ना : ती लटोया. खालच्या मजल्यावर राहते. ती पायरीवर बसली की गल्लीतलं मांजरसुद्धा तिला विचारून रस्ता ओलांडतं. मी रात्री दोन घास खाल्ले की नाही हे विचारायला रोज वर येते ती. तुमच्या तिकडे काय आहे गं? गॅरेजचं दार आपोआप उघडतं, आपोआप बंद होतं. शेजारी मेला तरी आठवडाभर कळायचं नाही.

मार्लीन : आणि ती गोळी?

वर्ना : तो बसस्टॉप नदीपलीकडचा. आमच्यापासून जितका लांब तितकाच तुमच्यापासून. टीव्हीवाल्यांना काय, पिट्सबर्ग म्हटलं की झालं. आणि तरीही तुला भीती वाटत असेल ना, तर मी खाली येऊन तुझा हात धरून नेते. पण मग याच्याजवळ कोण बसणार? डॉन, खुर्ची आली बघ. गाडी थांबव. अरे, थांबव! गेला! पुन्हा गेला पुढे!

डॉन : मागे ट्रक आला होता. थांबता येत नव्हतं.

वर्ना : मागे कोणी नव्हतं. मी खिडकीतून बघतेय.

डॉन : वळसा घालून येतो.

वर्ना : तीस वर्षं याच चढावर बस चढवलीस तू. बर्फात, पावसात, उभे प्रवासी कोंबून. लेनी पुढच्या बसमध्ये, तू मागच्या. आणि आज एक गाडी लावायला जमत नाही तुला? नाचता येईना म्हणे अंगण वाकडं!

मार्लीन : त्याला नको बोलूस गं असं. रात्रभर झोपला नाहीये तो. स्वयंपाकघरात बसून होता नुसता.

वर्ना : मग मी झोपलेय का?

मार्लीन : नाही गं.

वर्ना : मला राग आलाय, मार्लीन. आता स्पष्टच बोलते. थँक्सगिव्हिंगच्या सणाला म्हणालात, नाताळात येतो. नाताळात म्हणालात, बर्फ आहे. बर्फ वितळला तर गाडी लावायला जागा मिळत नाही. मग अंधार पडल्यावर तुमच्याकडे सुरक्षित वाटत नाही. मग डॉनची पाठ. मी काल जन्मले का? आणि हा इथे परवापर्यंत रोज विचारत होता, डॉन आला का? डॉन आला का? मी काय सांगायचं त्याला?

डॉन : काय सांगितलंस?

वर्ना : ऐकतोयस म्हणजे!

डॉन : काय सांगितलंस त्याला, वर्ना?

वर्ना : काय सांगणार? तुझीच बाजू घेतली. म्हटलं, आला होता रे, चार चकरा मारल्या बिचाऱ्याने, जागाच मिळाली नाही, म्हणून परत गेला.

डॉन : आणि तो?

वर्ना : त्याला खरं वाटलं. त्याला तुझं सगळंच खरं वाटतं. तेव्हा उठून बसता येत होतं थोडं. म्हणाला, या गल्लीत माझ्या मित्राला जागा मिळत नाही म्हणजे काय? माझी खुर्ची नेऊन ठेव खाली.

डॉन : कुठली खुर्ची?

वर्ना : बघितलीस ना आत्ता तीन वेळा? टेबलापाशी खिडकीकडे तोंड करून बसायचा ती. पाठीला पट्टी मारलेली. तिच्यावर बसून तो तुझ्याशी पत्ते कुटायचा, आणि तू हरलास की तिला लाथ मारायचास. मी म्हटलं, दुसरी ठेवते, तळघरातली मोडकी. तर नाही म्हणाला. माझी दिसली की डॉनला कळेल.

मार्लीन : डॉन? डॉन, गाडी बाजूला घे. अरे, रस्त्यात उभा राहू नकोस असा.

वर्ना : तीन आठवडे झाले, ती खुर्ची तिथे आहे. पालिकेचा बर्फ काढणारा आला तर तो वळसा घालून गेला. समोरच्यांकडे पाहुणे आले, त्यांनी खालच्या चौकात गाड्या लावल्या. गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, लेनीने डॉनसाठी जागा धरलीय. तुला तेवढं ठाऊक नव्हतं.

डॉन : ओळखली होती मी ती.

वर्ना : काय?

डॉन : पहिल्या चकरेलाच ओळखली. तिची ती पाठ बघितली आणि मला ब्रेक लावता येईना.

वर्ना : मग आत्तापर्यंत काय नाटक चाललं होतं?

डॉन : मी ती कशी उचलू, सांग ना. मी ती उचलून बाजूला ठेवायची म्हणजे... तो पुन्हा बसायचा नाही तिच्यावर. म्हणजे तसंच ना?

वर्ना : हो. तसंच.

डॉन : मार्लीनच्या फोनवर तू पाठवलेला फोटो बघितला मी. तो लेनी नाही, वर्ना. तो कुणी म्हातारा आहे. लेनी एका हाताने माझं इंजिन उचलायचा. मला तो तसा बघवणार नाही गं. जागा, चोर, अंधार, सगळं खोटं होतं. मी भित्रा आहे. झालं समाधान?

वर्ना : नाही झालं. भित्रा असलास तरी मला चालेल. भित्राच ये. मी रोज भिते. स्वयंपाकघरात जाऊन तोंडात फडकं कोंबून रडते आणि मग हसत बाहेर येते. त्याला तू शूर आलास की भित्रा, याच्याशी काय करायचंय? त्याला तू हवायस. आणखी एक सांगू? तुझ्या गाडीच्या इंजिनचा पट्टा अजून कुईं कुईं करतो.

डॉन : बदलायचाय.

वर्ना : पहिल्यांदा तू खालून गेलास ना, तेव्हा याने डोळे उघडले. कालपासून उघडले नव्हते. मी म्हटलं, आला रे डॉन. ओठ हलले त्याचे. हसला म्हण, काहीही म्हण. मग तो आवाज पुढे निघून गेला. त्याने डोळे मिटून घेतले.

मार्लीन : डॉन, उतर. मी सांगते, उतर.

डॉन : गाडी...

मार्लीन : गाडी मी लावते. तू फक्त तिथवर ने आणि उतर! ते बघ, कोपरा आला. आली खुर्ची.

वर्ना : दिसतोय मला. ये रे. ये बाबा. नुसती उचल आणि घेऊन ये वर. खालचं दार उघडंच आहे, लटोया धरेल.

मार्लीन : वर्ना, तो उतरला. उभा आहे नुसता तिच्यासमोर. टोपी काढली त्याने.

वर्ना : दिसतंय. राहू दे उभा थोडा.

मार्लीन : उचलली. अगं, उचलली! छातीशी धरलीय. लहान मूल धरावं तशी. वर्ना, पण मी आता काय करू? मला उलटी गाडी लावता येत नाही! चाळीस वर्षांत कधी लावली नाही. आमच्याकडे सरळ आत जायचं असतं नुसतं.

वर्ना : मी सांगते वरून. घाबरू नकोस. ट्रकच्या पुढे जा आधी. अजून. अजून पुढे. आता थांब. मागे बघ.

मार्लीन : मागे कडेला बर्फाचा ढीग आहे.

वर्ना : तो लागला तर लागू दे, बर्फच आहे. स्टिअरिंग माझ्या बाजूला पूर्ण फिरव. पूर्ण! हं. आता हळू मागे. हळू, हळू. आता उजवीकडे नाही गं, डावीकडे फिरव! हां. शाब्बास. आता सरळ कर. अजून थोडी आत घे, पुढचं नाक बाहेर राहिलंय. बस. बस, बस. बंद कर इंजिन. बघ, लागली की नाही?

मार्लीन : लागली! अगं, लागली! मी आता डबा घेऊन वर येते. वर्ना? ऐकतेयस ना? वर्ना?

वर्ना : थांब जरा.

मार्लीन : काय झालं?

वर्ना : थांब. लेनी? लेनी, अरे, इकडे बघ. लेनी.

मार्लीन : वर्ना, काय झालं गं?

वर्ना : गेला.

मार्लीन : नाही. नाही गं, नीट बघ.

वर्ना : सकाळपासून श्वास मोजतेय मी, मला कळतं. गेला गं. पाठ केली होती मी त्याच्याकडे. इतके दिवस क्षणभर नजर हलवली नाही, आणि आत्ता... आत्ता तुझी गाडी लावत होते गं मी.

मार्लीन : देवा रे. आमच्यामुळे. वर्ना, आमच्यामुळे झालं हे.

वर्ना : गप्प. तसलं काही बोलू नकोस, मला आत्ता ते ऐकायला वेळ नाही. जिन्यात पावलं वाजतायत.

मार्लीन : त्याला काय सांगशील? मी ओरडून सांगू का त्याला, थांब म्हणून?

वर्ना : खबरदार! एक शब्द बोलू नकोस. मार्लीन, ऐक माझं. हात अजून ऊन आहे याचा. डॉनला तो धरू दे. नंतर मी सांगेन, माझ्या तोंडाने सांगेन. आत्ता नाही. तू पण सावकाश ये, रडून झाल्यावर ये. फोन ठेवते.

डॉन : वर्ना.

वर्ना : ये. आत ये.

डॉन : ही कुठे ठेवू?

वर्ना : उशाशी ठेव त्याच्या. आणि बस तिच्यावर. बस, डॉन, मोडायची नाही ती.

डॉन : किती बारीक झालाय गं.

वर्ना : हात धर त्याचा.

डॉन : लेनी. अरे, मी आलोय. डॉन. उशीर झाला रे, जागाच मिळत नव्हती. लेनी? वर्ना, हा ऐकतोय ना?

वर्ना : बोल तू. हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय त्याचा.