पट्टा लावला होता

— ओरडू नका मास्तर. ओरडून पट्टा परत जुळायचा नाही, कापला तो कापला. नियमच आहे तो. बाद केलेल्या हेल्मेटचा पट्टा तिथल्या तिथे कापायचा, नाहीतर तेच हेल्मेट मागच्या गल्लीतून फिरून दुसरीच्या डोक्यावर बसतं आणि परत याच तपासणीच्या टेबलाशी येतं. तुम्हाला माहीत नाही का? अस्माराच्या एवढ्या मोठ्या सायकल क्लबचे तुम्ही कोच. बसा ना. ती खुर्ची ओढा. शर्यत सुटायला अर्धा तास आहे. माकियातो कॉफी सांगू का एक? नको? बरं, मग नुसतंच बसा.

"अब्रेहेत, तू हे मुद्दाम करतेयस" — हो का? थांबा, दाखवते. तडा कुठे आहे म्हणता ना? तडा नाहीच. वरून बघाल तर कवच कसं नव्या नवरीसारखं चकचकीत. पण आत बघा — हे पांढरं, थर्माकोलसारखं. कानामागे, इथे अंगठा दाबा. दाबा हो, चावत नाही. आता दुसऱ्या बाजूला दाबा. कळला फरक? ही बाजू दाबाला उभी राहते आणि ही आत जाते, भिजलेल्या हिंबाशा पावासारखी. म्हणजे पडलीय ती. तुमची फियोरी पडलीय, मास्तर, आणि डोक्यावर पडलीय. मंगळवारी, नेफासितच्या उतारावर, धुक्यात. तुम्हाला काय सांगितलं — जिन्यावर गुडघा फुटला? पोरी कोचला खरं सांगत नाहीत. बापाला तर नाहीच नाही, आणि बापच कोच असला म्हणजे तर बघायलाच नको. मला कसं कळलं? मी सायकली दुरुस्त करते, मास्तर. हँडलच्या टोकावरचे ओरखडे बघितले की पोर कुठल्या कुशीवर पडली ते कळतं मला. सकाळी विचारलं तर रडायलाच लागली. आणि वर तिनं ते पेट्रोलनं पुसलंय — वास येतो का बघा, मला तर येत नाही, मला एकोणीस वर्षांत कसलाच वास येत नाही, तीच म्हणाली. पेट्रोलनं तर ते आतून आणखीच खातं. हेल्मेट एकच मार खातं, मास्तर. दुसरा डोकं खातं. किती वर्षांनी बदलायचं, कुणी पाच म्हणतं, कुणी दहा म्हणतं, ती सगळी न पडलेल्यांची गणितं. पडलं की संपलं. शंका आली तरी संपलं.

बाकीच्यांचं इतकं बघितलं का? बघितलं की. सगळ्यांचं बघितलं. केरेनच्या त्या सामराविटचं तर याच्याहून जुनं आहे, तरी मी — ते जाऊ दे. तिचं वेगळं. आपण तुमच्या मुलीचं बोलत होतो.

नाही, आपण माझं बोलू. वेळ आहे. आठवतं का तुम्हाला, मी कशी चालवायचे? चढावर नाही, चढावर मी यथातथाच. पण उतारावर! तुम्हीच म्हणायचात, ही पोरगी वळणावर ब्रेक दाबत नाही, वळणालाच दम देते. बावीस वर्षांची होते. बाबांचं मेदेबेरच्या बाजारात सायकलचं दुकान, तेकलेशी लग्न ठरलेलं, आणि शर्यतीच्या आठ दिवस आधी मी सरावात पडले. हेल्मेट आपटलं. तडा गेला, केसाएवढा, पण गेला. तुमच्याकडे घेऊन आले. तुम्ही त्यावर टिचकी मारलीत, कान लावलात — जणू टरबूज विकत घेताय — आणि म्हणालात, "याला काही झालेलं नाही. घाबरलीयस तू, हेल्मेट नाही." आणि क्लबचा निळा स्टिकर तड्यावर चिकटवलात. अंगठ्यानं दाबून दाबून. नखात घाण होती तुमच्या. बघा, हे आठवतं मला. कपाटात एक नवंकोरं होतं, ते सेनाइतला गेलं. तुमच्या बायकोची भाची. ती पडली होती का? तिचं जुनं फक्त जर्सीच्या रंगाशी जुळत नव्हतं.

मान खाली घालू नका. मान खाली घातली की माणसं म्हणतात झालं, पश्चात्ताप झाला. मला पश्चात्ताप नकोय.

शर्यतीत काय झालं ते मला आठवत नाही. वाळू होती म्हणतात वळणावर. तीन आठवडे मी दवाखान्यात, त्यातले अकरा दिवस बेशुद्ध. पुढे वर्षभर लोकांची नावं पुसून गेलेली, आईलासुद्धा एकदा "तुम्ही कोण" विचारलं. डाव्या कानात अजून सायकलचं चाक फिरतं, आत्तासुद्धा फिरतंय. तीनदा फिट आली, तिसरी तेकलेच्या आईसमोर, तिच्याच घरात, कॉफी पिताना. बाईनं तोंड वाकडं केलं नाही हं, चांगली बाई, माझं तोंड पुसलं, आपली पांढरी नेतसेला शाल नीट पांघरली माझ्या अंगावर. आणि आठ दिवसांत लग्न मोडलं.

तरी तेवढ्यावर भागलं असतं, मास्तर. पडणं हे सायकलवाल्याच्या कपाळी असतंच. पण तुम्ही चौकशीला आलेल्या लोकांना काय सांगितलंत? "तिनं पट्टा लावला नव्हता." एवढंच. पाच शब्द पण नाहीत. आणि खापर माझ्या फुटक्या डोक्यावर फुटलं. सगळ्या अस्मारात मी म्हणजे ती पट्टा न लावणारी. शाळेत मास्तरणी पोरांना सांगायच्या — पट्टा लावा, नाहीतर त्या अब्रेहेतसारखं होईल. आणि गंमत सांगू? मलाही ते खरं वाटलं. मला कुठे काही आठवत होतं! पंधरा वर्षं मी मलाच शिव्या दिल्या, की मूर्ख, एक बक्कल लावायचं होतं, एक टिक् आवाज, आणि तेवढं तुझ्यानं झालं नाही.

बाबा गेले. जाताना माझा हात धरला आणि म्हणाले, "बाळा, पट्टा लावायला हवा होतास ग." दुसरं काही बोलले नाहीत. शेवटचं वाक्य ते. शेवटचं! दुसऱ्यांचे बाप आशीर्वाद देऊन जातात.

आता ही पिशवी बघा. घ्या हातात. घ्या म्हणते ना! बाबांच्या दुकानाच्या माळ्यावर मिळालं हे, ते गेल्यावर, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. दवाखान्यातून त्यांनीच आणलेलं, आणि कधी उघडूनही बघितलं नाही. तुमच्या शब्दावर एवढा विश्वास माणसाचा! तो तुमचा निळा स्टिकर, आणि त्याच्या बरोब्बर खालून दोन तुकडे. तो रक्ताचा डाग. आणि हे बक्कल. बघा. बंद आहे. पट्टा सुटलेला नाही, मास्तर, पट्टा कापलाय, कात्रीनं, दोन्हीकडे सरळ. नर्सनं कापला असणार, बेशुद्ध माणसाचा पट्टा कापूनच काढतात. न लावलेला पट्टा कुणी कापतं का? सांगा ना. कापतं का?

चार वर्षं झाली हे सापडून. आणि चार वर्षं मी प्रत्येक शर्यतीला या टेबलाशी बसते. फुकट बसते. लोक म्हणतात, बघा अब्रेहेतचं मन केवढं, स्वतःचं झालं ते झालं, दुसऱ्यांच्या पोरींसाठी झिजते. झिजते कसली! वाट बघत होते. तुमची फियोरी मोठी व्हायची वाट. तुम्ही तिला घेऊन कधीतरी या टेबलासमोर येणार, तिचं हेल्मेट माझ्या हातात देणार — पोरीचं वाईट व्हावं असं कधी मनात आलं नाही, देवाशपथ — पण तुम्ही असे समोर बसलेले, मला बघायचे होतात. असेच. घामेजलेले.

तर ऐका. टेबलाखाली हे खोकं आहे. नवं आहे, परदेशातून, बोलोन्याहून माझ्या बहिणीनं पाठवलंय, झाइदनं. फियोरीच्या मापाचं आहे, मी सकाळी तिचं डोकं मोजलंय. तो समोर माईक. तो पोरगेला निवेदक नुसतीच नावं घेतोय. जा, माईक घ्या, आणि सांगा — अब्रेहेतनं पट्टा लावला होता, मी खोटं बोललो. दोन वाक्यं. खोकं तुमचं. वीस मिनिटं आहेत.

काय?

काय म्हणालात? परत म्हणा.

सामराविटचं — सामराविटचा इथे काय संबंध! तिचं जुनं आहे, मी मघाशी म्हणाले, म्हणाले असेन, जुनं म्हणजे वाईटच असतं असं नाही, मी — बघितलं मी तिचं. सकाळी पहिलीच आली ती. बघितलं. हातात घेतलं, आणि... मला वाटतं घेतलं. माझं लक्ष रस्त्याकडे होतं. तुमची गाडी अजून कशी येत नाही म्हणून. ती काहीतरी बोलत होती आणि मी शिक्का मारला, जा म्हटलं. असं बघू नका माझ्याकडे. तुम्ही तर मुळीच बघू नका.

सामराविट! ए सामराविट! ये ग इकडे, सायकल राहू दे तिथेच. काढ ते. काही नाही, बाळा, परत एकदा बघतेय. कुणाचं हे? मामाचं? आणि त्याच्या आधी? माहीत नाही. बरं. उजवीकडे ठीक, मागे... अरे देवा.

बघा. दाबायलाही लागलं नाही. भुगा झाला, माझ्या अंगठ्याखाली भुगा झाला. आणि मी यावर शिक्का मारला होता. हे घालून ही पोरगी त्या उतारावर गेली असती — मला तो उतार माहीत नाही का? — आणि संध्याकाळी कुणी विचारलं असतं, तर मी काय सांगितलं असतं? मी शोधलंच असतं काहीतरी. सापडतं, मास्तर. तोंड उघडलं की सापडतं.

कात्री द्या ती. गेला हिचाही पट्टा.

रडू नकोस ग. थांब जरा. इथेच उभी राहा.

हो, कळलं मला, तुम्ही तयार आहात. माईकवर बोलतो, खोकं फियोरीला दे. केवढी घाई आता! पण खोकं एकच आहे आणि डोकी दोन. तुम्हीही असेच उभे होतात का तेव्हा, कपाटाची किल्ली हातात घेऊन, दोन डोकी समोर? — नाही. उगाच स्वतःला माझ्या जागी बघू नका. तुम्हाला सोपं होतं. एक भाची होती, दुसरी मेदेबेरच्या मिस्त्रीची पोर.

मला सोपं नाहीये. फियोरीला मी शब्द दिला होता सकाळी, रडू नको, तुला मिळेल म्हणून. पण तिचं मी बाद केलं ते वेळेवर, डोळे उघडे ठेवून. हिच्या बाबतीत मी आंधळी झाले, आणि आंधळी झाले ती तुमच्यापायी. हे माझं देणं आहे. सामराविट, डोकं पुढे कर. मोठं होतंय? हेल्मेटमागची चकती फिरव, घट्ट होतं ते. हनुवटी वर. टिक्. ऐकलंस? हा आवाज लक्षात ठेव. कुणी काहीही म्हणो पुढे, हा आवाज आला होता, आणि मी साक्षीला होते. जा. पळ!

तुम्ही अजून बसलात? उठा, मास्तर. तुमच्यासाठी माझ्याकडे काही उरलेलं नाही. फियोरी आज शर्यतीत उतरणार नाही. ती बघा, माईकच्या खांबाला टेकून उभी आहे, ढोपराला पट्टी, आपल्याकडेच बघतेय. तिला तुम्ही सांगायचं, मी नाही. मी सांगितलं तर ती मला शिव्या देईल आणि तुम्ही मागे उभे राहून तिचे डोळे पुसाल, हे व्हायचं नाही. का नाही मिळालं, ते सांगा तिला. माझ्यावर ढकलू नका. आणि माईकचं म्हणाल तर आता ते विसरा. आता बोलून तुमच्या पदरात काही पडायचं नाही. फुकटच बोलायचं असेल, तर तो तिथे आहे.

जा ना!

...पुढची कोण? ये ग. दे हेल्मेट. कधी घेतलंस हे? पडली आहेस का यावर? खरं सांग, मी कुणाला सांगत नाही. अंगठा लाव इथे, तूच बघ. छान. टणक आहे. मागचं — थांब. काय झालं तिकडे? निवेदक गप्प का झाला? कोण बोलतंय ते? या कानानं मला नीट — तू सांग, तुला ऐकू येतंय ना? माझं नाव घेतलं? पुरतं घेतलं, बाबांच्या नावासकट? पुढे काय म्हणाले? काय लावला होता? गप्प बसा ग सगळ्या, ते कॉफीचं मशीन बंद करा कुणीतरी! — मास्तर! ओ मास्तर! परत म्हणा! मोठ्यानं म्हणा, मागच्यांना ऐकू आलं नाही!