अकरा सेकंद

दिग्दर्शक : हळू बोला ना मावशी. पलीकडच्या खोलीत ती मेकअपला बसलीय. मध्ये नुसतं प्लायवुड आहे.

मावशी : मग हळू बोलावं लागेल असलं काही सांगूच नकोस.

दिग्दर्शक : थांबा, स्टूल उजवीकडे घेतो. हं. आता नीट ऐकू येतंय?

मावशी : मघाशीही आलं होतं. पण परत एकदा तुझ्या तोंडून ऐकू दे, म्हणजे मला वेड लागलेलं नाही याची खात्री होईल.

दिग्दर्शक : तालमीत तुम्ही हात अलीकडेच थांबवायचा. दोन-तीनदा. तिला सवय होऊ द्यायची. आणि टेकमध्ये... नाही थांबवायचा.

मावशी : म्हणजे तिच्या थोबाडीत मारायची.

दिग्दर्शक : जोरात नाही हो. लागेल एवढी.

मावशी : तिला न सांगता.

दिग्दर्शक : सांगितलं तर मग चेहऱ्यावर काय येणार? पहिलाच सिनेमा आहे तिचा. अख्खं युनिट तिला नवी म्हणून हाक मारतं. टेक म्हटलं की अजून श्वास रोखते ती. सीन असा की घरात न सांगता सुनेनं नोकरी मिळवलीय, ते पत्र सासूच्या हाताला लागतं, सासू मारते. आजवर त्या पोरीवर कोणी हात उगारलेला नाही. ते सगळं एका क्षणात तोंडावर दिसायला हवंय मला. ते तिच्याकडून येणार कुठून?

मावशी : अभिनय करून.

दिग्दर्शक : हे तुम्ही म्हणताय? तुमचा तो शॉट असताना?

मावशी : आलास! मला वाटलंच होतं, गाडी तिथेच येऊन थांबणार.

दिग्दर्शक : येणारच ना! बाबांचा सगळ्यात गाजलेला सिनेमा. तुमचं वय बावीस. नवरा कानाखाली मारतो आणि तुम्ही मान वर करून नुसतं बघता. अकरा सेकंद. मी मोजलेत. मी शिकत होतो तिथे आमच्या सरांनी त्या अकरा सेकंदांवर अख्खा तास घेतला होता. ‘ही बाई आकाशाला जाब विचारतेय’ म्हणाले.

मावशी : आकाश कसलं डोंबलाचं! तुझे बाबा होते तिथे. उंची कमी, म्हणून कॅमेऱ्याच्या बाजूला स्टुलावर चढून उभे राहायचे. त्यांच्याकडे बघत होते मी.

दिग्दर्शक : त्यांच्याकडे? का?

मावशी : आता कट म्हणतील म्हणून. मला वाटलं चूक झाली, समोरच्याचा हात चुकला, खरीच बसली. आता शॉट थांबेल, कोणीतरी पाणी आणेल, तो बिचारा सॉरी सॉरी करेल. मी बघत राहिले. आणि तुझे बाबा वरून माझ्याकडे बघत राहिले. अकरा सेकंद होते होय? बरं झालं सांगितलंस. मला जास्त वाटले होते.

दिग्दर्शक : पण बाबा तर सगळीकडे सांगायचे, तुम्हाला विचारूनच ठरवलं होतं.

मावशी : सांगायचे ना. आणि मी शेजारी बसून मान डोलवायचे! काय करणार? टाळ्या वाजत होत्या, बक्षीस मिळालं होतं. चाळीस वर्षांत शंभरावर कामं केली मी. घासून घासून केली. भूमिकेतली बाई चालते कशी, भांडी कशी आपटते, हे बघायला लोकांच्या दारात जाऊन उभी राहिले. आणि घरी कपाटावर ती बक्षिसाची बाहुली आहे ती कशाची? ज्या एका शॉटमध्ये मी काहीच केलं नाही, नुसता मार खाल्ला, त्याची. इतकी चीड येते ना मला तिची! पाहुणे आले की पहिलं तिच्याकडेच जातात.

दिग्दर्शक : रागावू नका, पण मला हे पटत नाही. इतक्या वर्षांनी माणसाच्या आठवणी इकडच्या तिकडे होतात. बाबा तसे नव्हते. घरात आवाज चढवला नाही त्यांनी कधी.

मावशी : बरं. आत्ता स्टूल कुठे घेतलंस?

दिग्दर्शक : अं? तुमच्या उजवीकडे.

मावशी : का?

दिग्दर्शक : तुम्हाला डाव्या कानाने ऐकू येत नाही म्हणून.

मावशी : हे तुला मी सांगितलं?

दिग्दर्शक : नाही, ते... लहानपणापासूनच. तुम्ही घरी आलात की बाबा सांगायचे, मावशीच्या उजव्या बाजूला बस, आणि...

मावशी : बोल की.

दिग्दर्शक : ‘आणि का ते विचारू नकोस.’

मावशी : आणि तू विचारलं नाहीस. गुणी बाळ! उजव्या हाताची बसली, डाव्या कानावर. दोन दिवस शिट्टी वाजत होती. मग ती थांबली आणि तिच्याबरोबर बाकीचंही थांबलं. तुझ्या बाबांना सगळं ठाऊक होतं. शेवटपर्यंत माझ्या उजवीकडेच बसले ते. पण ‘लागलं का गं?’ एवढे तीन शब्द त्यांच्या तोंडून फुटले नाहीत. एकदाही नाही.

दिग्दर्शक : मावशी, मी... हे आपण नंतर बोलू या का? चार वाजता ही जागा सोडायचीय. अख्खा सिनेमा या सीनवर उभा आहे. मला तो धक्का हवाय. शॉटमध्ये तुम्ही पाठमोऱ्या आहात, दिसतो तो फक्त हात. तुम्हाला जमत नसेल तर तुमचे कपडे घालून दुसऱ्या कोणाला उभं करतो.

मावशी : कर की! तुझं माणूस कपडे घालेपर्यंत मी या भिंतीवर थाप मारते. प्लायवुडच आहे, तूच म्हणालास. ए नवी! इकडे ये गं जरा!

दिग्दर्शक : मावशी, प्लीज!

नवी : आलेच. दारातच उभी होते.

मावशी : कधीपासून?

नवी : ‘थोबाडीत मारायची’पासून. माफ करा सर, मुद्दाम नाही ऐकलं. मावशींचा आवाज...

मावशी : मोठाच आहे. एका कानाच्या माणसाचा असतो. बरं झालं, माझा वेळ वाचला. मग? काय म्हणणं आहे तुझं?

नवी : मारू देत, सर. मला चालेल.

दिग्दर्शक : बघा! तिचीच हरकत नाही.

मावशी : तू गप्प बस जरा. काय चालेल गं? कानाखाली आवाज निघालेला चालेल?

नवी : पहिलंच काम आहे, मावशी. नाही म्हटलं तर उद्या सगळीकडे होईल, ती नखरे करते म्हणून.

मावशी : हे चालणं नव्हे, ही भीती झाली. मलाही होती, म्हणून ओळखते. आणि तू रे, आता हिला कळलं सगळं. तुझा तो धक्का गेला. आता खरी मारून तुझ्या पदरात काय पडणार? लाल गाल? तो मेकअपवाला दोन मिनिटांत रंगवून देईल.

दिग्दर्शक : तुम्हीच सगळ्याची वाट लावलीत आणि वर मलाच विचारताय.

मावशी : हो, लावली. मुद्दाम लावली. नवी, तू सांग, खरं सांग. त्याच्याकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ.

नवी : खरं सांगू? दाराशी उभी होते तेव्हा थपडेचं मला एवढं काही वाटलं नाही. पण सर म्हणाले ना, ‘ते तिच्याकडून येणार कुठून,’ ते लागलं. पाच वर्षं नाटकं केलीत मी, सर. अंगात ताप असताना केलीत. समोर सात माणसं बसलेली असताना केलीत. तुम्ही मला घेतलंत ते काम बघून घेतलंत ना?

दिग्दर्शक : काम बघूनच. म्हणजे काय!

नवी : मग ते मला करू द्या. मार खायला कोणीही चाललं असतं. त्यासाठी मी कशाला?

मावशी : अगं बाई! बोलते की ही. श्वास रोखते म्हणालास ना रे? आता कोणाचा अडकलाय बघ.

दिग्दर्शक : बरं. बरं! एक टेक. एकच. नाही जमलं तर माझ्या पद्धतीने.

मावशी : नाही जमलं तर दुसरा टेक. मग तिसरा. ती पद्धत तुझी नाहीच, तुझ्या बाबांची आहे. त्यांच्याबरोबर गेली ती. आणि अजून एक. या शॉटला कट तू म्हणायचं नाहीस. ही म्हणेल.

दिग्दर्शक : काय? मावशी, कट दिग्दर्शक म्हणतो.

मावशी : आज नाही म्हणणार. जिच्या गालाकडे हात येतोय ती म्हणेल.

दिग्दर्शक : आणि घाबरून मध्येच म्हणाली तर?

मावशी : तर थांबायचं. एवढं साधं आहे. माझ्या वेळी कोणाला सुचलं नाही, बस्स. कबूल नसेल तर हे कपडे इथे काढून ठेवते आणि घरी जाते. पुढच्या बारा सीनमध्ये सासूचं तोंड दिसतं. तिथेही उभं कर तुझ्या पाठमोरीला.

दिग्दर्शक : तुम्ही म्हणजे ना... कबूल. चला सेटवर. पंधरा मिनिटं देतो तालमीला, एक मिनिट जास्त नाही.

मावशी : चल गं. हां, ओट्याला टेकून उभी राहा. कॅमेरा माझ्या खांद्यावरून तुझ्याकडे बघतोय. त्याला तुझ्या गालात आणि माझ्या हातात किती जागा आहे ते दिसत नाही. मी हात फिरवणार तो तुझ्या नाकापासून वीतभर लांबून. असा.

नवी : मग लागल्यासारखं कशामुळे दिसतं?

मावशी : तुझ्यामुळे. मारते मी, पण लागते तुझ्याकडून. हात समोर आला की मान फिरव. आधी नाही, नंतर नाही. हात तुझ्या डोळ्यांना झाकतो ना, तेव्हा. कर. लवकर केलीस. परत. आता उशीर झाला. घाई कशाची आहे? परत.

नवी : अशी?

मावशी : अशी. फक्त खांदा वर घेऊ नकोस. खांदा वर घेतो तो ज्याला आधीपासून ठाऊक असतं. तुझ्या सुनेला ठाऊक नाहीये.

नवी : आणि आवाज?

मावशी : आवाज सगळे नंतर भरतात. तू कानाने ऐकायला जाऊ नकोस, माझ्या हाताकडेही बघू नकोस. माझ्या डोळ्यांत बघ. आणि हे बघ पोरी, नको वाटलं ना, कुठल्याही क्षणी, तर तो शब्द तुझ्याजवळ आहे. तो घट्ट धरून ठेव आणि मग काय वाटेल ते कर.

नवी : काय वाटेल ते?

मावशी : काय वाटेल ते. अगं, पडायचं नाही ही खात्री असली की माणूस किती वाकतं, बघ तू.

दिग्दर्शक : झालं का? दिवे लावा. शांतता. कॅमेरा. आणि... सुरू.

(स्वयंपाकघराचा सेट. दिग्दर्शक कॅमेऱ्याशेजारी उभा, कॅमेरामनच्या कानात कुजबुजत.)

मावशी : हे पत्र कोणाचं?

नवी : माझं. सोमवारपासून जायचंय.

मावशी : कोणाला विचारून?

नवी : विचारत नाहीये, आई. सांगतेय.

मावशी : सांगतेस? मला सांगतेस तू?

दिग्दर्शक : गेला हात... अरे! बसली. खरंच बसली की काय? आता खाली बघायचंय तिने, खाली. संहितेत तसंच आहे. ही माझ्याकडे काय बघतेय? नाही, हलू नकोस, धर तिला. डोळे धर. चार... पाच... अरे, लागलंय तिला. मावशींचा हात चुकला. कट म्हण ना गं, म्हण ना. मला म्हणता येत नाही, कबूल केलंय मी. आठ... अशी बघू नकोस माझ्याकडे. बास. बास झालं आता... दहा...

नवी : कट.

दिग्दर्शक : सरका, सरका बाजूला! लागलं का गं? बघू, गाल दाखव. पाणी आणा कोणीतरी!

नवी : नाही लागलं, सर. हात वीतभर लांब होता.

दिग्दर्शक : मग माझ्याकडे अशी का बघत होतीस?

नवी : मी नाही, सून बघत होती. कोणीतरी थांबवेल म्हणून.

मावशी : आलं की नाही तिच्याकडून? आता बोल. हवाय का दुसरा टेक?

दिग्दर्शक : नाही. नकोय. मावशी, बसा ना इथे जरा.

मावशी : काय झालं? चेहरा का असा उतरलाय तुझा? एवढा चांगला शॉट मिळाला, आनंद करायचा सोडून.

दिग्दर्शक : बसा हो. मी उजवीकडे येतो. ऐकू येतंय?

मावशी : येतंय. बोल.

दिग्दर्शक : तेव्हा... लागलं होतं का?

मावशी : हो रे. खूप लागलं होतं.