आगीनं शुद्ध

अरे, शोरमा कापनं म्हंजे भाजी चिरनं नोहे. उभ्या सळईवर कोंबडी फिरत राह्यते, वरचं भाजलं तेवढंच पातळ तासा लागते. हे अरबांचं खानं मी पुन्यात शिकलो, अन् वाशिमात गाडी लावली.

शेजारच्या गावचे बापूसाहेब, मोठे जमीनवाले. गाडीवर दोन शोरमे हानले अन् म्हने, "पोरीच्या रिसेप्शनले हेच पाह्यजे. तू कोनाचा रे?"

मी बापाचं नाव सांगतलं. मंग म्हने, "मसाला तूच लाव, मशीनही दे. पन कापाले आमचा मानूस उभा राहीन."

"काहून?"

"समजून घे ना, तुमी बौद्ध. मसाल्याचं काय, आगीनं सारं शुद्ध होते."

मोठी ऑर्डर होती, गिळलं मी. त्याच्या मानसानं सुरी पार आत खुपसली अन् कच्चंच वाढलं. दुसऱ्या दिवशी अर्धं वऱ्हाड दवाखान्यात!

बापूसाहेबांचा फोन आला. "लोक सांगतच होते मले, तुमच्या हातचं बाधते म्हनून."

मी म्हनलं, "पन साहेब, आगीनं तं शुद्ध झालं होतं ना?"

तं म्हने, "आगीले कायले मधात आनतं?"