कमलबाईंचा चष्मा

चष्म्यावरून आठवलं. देवळीच्या शाळेत माझ्यासोबत शिकवणाऱ्या कमलबाईंइतकं सुपीक डोकं मी दुसरं पाहिलं नाही. त्यांचा डावा कान ठार बहिरा. पोरांना ते माहीत, म्हणून वर्गाच्या डाव्या बाजूला नुसता बाजार भरायचा.

सन ऐंशीच्या आसपास मी त्यांना नागपूरच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "त्या कानात मशीन घालून उपयोग नाही. हा चष्मा बघा. डाव्या दांडीतला माइक तिकडचा आवाज चांगल्या कानात पोचवतो."

बाईंनी घातला आणि लगेच काढला. "नाई जी. एकच कान धड हाय, त्यात साऱ्या वर्गाचा गलका भरू काय?"

येताना वर्ध्यात उतरून त्यांनी जाड काळ्या फ्रेमचा साधा, बिननंबरी चष्मा घेतला. दुसऱ्या दिवशी वर्गात तो घालून म्हणाल्या, "याच्यात मशीन हाय. डावीकडचं सारं आयकू येते आता."

डावी बाजू चिडीचूप!

मधल्या सुट्टीत मी म्हणालो, "बाई, पोरं तर पार गार झाली."

"पोरायचं सोडा. स्टाफरूममधी माह्या डाव्या बाजूले कोन बसते?"

तिथे हेडमास्तर बसायचे. "बहिऱ्या बाईले वर्ग कायले पायजे," असं रोज पुटपुटायचे. त्या सकाळी मशीनची बातमी कानावर जाताच त्यांनी पहिल्यांदा बाईंना 'मॅडम' म्हटलं होतं.