हसली आटली

“सुनेचा डोळा लागला, का सासूची जीभ जागी होते,” असं इंदुताईंची आजेसासू म्हणायची. घाटंजीच्या दवाखान्यात पडद्याबाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या त्यांना तो आवाज आठवला. आत तांड्यावरची सुखीबाई डॉक्टरांना आपल्या सुनेचं गाऱ्हाणं सांगत होती.

“डाक्टरसाब, हे रुपी दिवसभर पेंगते. चैतात बी चुलीजवळून हलत नाही. म्हणते, मले थंडी वाजते!”

“केस गळतात काय?”

“गळतात ना! रोज भाकरीत सापडतात.”

“याडी,” सासूला आई म्हणत रुपी बोलली, “भाकरीतले पांढरे केस माये नसतात.”

इंदुताईंनी तोंडाला पदर लावला.

“हिच्या गळ्यातलं हे चांदीचं कडं, ही हसली, काहून एवढी घट्ट?” डॉक्टरांनी विचारलं.

“सोनारानं खोटी चांदी देल्ली, साब. आटून राह्यली! दोनदा फाकवून आणली, तरी रुततेच. बजारात भांडून आली मी त्याच्याशी.”

“सोनार खरा आहे, बाई. चांदी आटली नाही, गळा वाढला. हा गलगंड आहे. झोप, थंडी, केस, सारं त्याच्यानंच. हा आळस नव्हे.”

“अन् साब... लेकरू?” रुपीनं विचारलं. “लग्नाले चार वर्सं झाले.”

“या रोगानं पाळीही बिघडते, पोरी. गोळ्या नेमानं घे. आशा आहे.”

मग पडद्याआडून सुखीबाईचाच आवाज आला, पण खाली उतरलेला.

“रुपे, परवा फुलसावंगीले मी लग्नाले नोती गेली. आपल्या धावजीसाठी दुसरी पोरगी पाहाले गेलती. आजच त्यायले नाही म्हणून निरोप धाडते.”